ओल्या पाटीचा वास

आमच्या लहानपणी शाळेत दगडी पाट्या होत्या. लाकडी चौकट, कोपऱ्यात भोक, त्यात ओवलेल्या दोऱ्याला बांधलेलं ओलं फडकं. गणित चुकलं की फडकं फिरवायचं आणि पाटी वाळेपर्यंत ती नाकाजवळ धरायची, कारण तेवढाच वेळ तिला एक वास यायचा. गार, स्वच्छ, पहिल्या पावसाच्या जवळचा, पण मातीचा नव्हे, दगडाचा. तो वास मी पार विसरले होते. पुढे कितीतरी वर्षांनी जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या वेलेन गावात एका तळघरात हातात पेला आला, मी वास घेतला आणि मला चौथीचा वर्ग आठवला.

पेल्यातली वाइन रीसलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची होती. बाहेर येऊन पाहिलं तर समोरचा सगळा डोंगर पाटीच्या दगडाचा. निळसर करडे पापुद्रे, पायाखाली खळखळणारे, माती म्हणावी तर जवळजवळ नाहीच. त्या भागातली जुनी घरंही याच दगडाच्या पातळ फरश्यांनी शाकारलेली. मनाने लगेच धागा जोडला: वेल दगडात उभी, दगडाचा वास वाइनमध्ये. ही समजूत अर्धीच खरी निघाली, आणि ते कळायला मला बरीच वर्षं आणि बऱ्याच बाटल्या लागल्या.

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मामांची बाग थॉमसनची. भुरी, डावणी, मण्यात पाणी उतरणं, ब्रिक्स हे शब्द मी पाढ्यांबरोबर शिकले. पण त्या बागेत द्राक्ष म्हणजे खायचं द्राक्ष. त्याचा रस आंबवून त्यात गावाची ओळख शोधतात, हे मला कळलं नोकरीसाठी जर्मनीत मैनत्सला आल्यावर. मैनत्सहून लोकलने फ्रांकफुर्टला जाताना वाटेत रुसल्सहाइम लागतं. ओपेल मोटारींचं गाव म्हणून लोक ते ओळखतात. याच गावातल्या एका जमाखर्चात, १३ मार्च १४३५ या तारखेला, रीसलिंगच्या लावणीच्या वेलींसाठी २२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. वही काट्सेनएल्नबोगनच्या काउंटच्या कारभाराची. रीसलिंगचा यापेक्षा जुना लेखी उल्लेख अजून सापडलेला नाही, म्हणून वाइनवाले १३ मार्च हा तिचा वाढदिवस मानतात. जनुकांच्या तपासणीत तिच्या जन्मदात्यांपैकी एक ओळखू आला: गुए ब्लां नावाचं जुनं, अगदी सामान्य समजलं जाणारं द्राक्ष. शार्दनेचीही एक जन्मदाती तीच.

देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, यावर कोकणातली माणसं तासभर बोलू शकतात. कलम एकच, पण साल, रस, वास यांत फरक आहे असं ती ठामपणे सांगतात, आणि डोळे मिटून ओळखणारेही असतात. रीसलिंगची गंमत तीच आहे, फक्त तिची देवगड-रत्नागिरी पृथ्वीभर पसरलेली आहे. शिवाय तिच्यावर तळघरात फारसे संस्कार होत नाहीत. शार्दने बऱ्याचदा नव्या ओकच्या पिंपात मुरवतात, लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वास तिला चिकटतो. तिच्यातलं कडक मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी मऊ लॅक्टिक आम्लात बदलून घेतात, त्यामुळे लोण्यासारखी चव येते. रीसलिंगच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी टाळतात. मोझेलला हजार लिटरची जुनी लाकडी पिंपं असतात, त्यांना 'फूडर' म्हणतात. पण ती इतकी जुनी असतात की लाकडाची चव कधीच सरलेली असते. म्हणून द्राक्ष कुठे वाढलं, किती ऊन खाल्लं, रात्री किती गार होत्या, हे या वाइनमध्ये थेट उतरतं.

मात्र ते एकट्या बाटलीत कळत नाही. एक पेला घेऊन कुणी 'यात हिरवं सफरचंद आहे, पीच आहे' म्हटलं तर नवख्याला काहीच सापडत नाही आणि तो स्वतःलाच दोष देतो. दोन पेले शेजारी ठेवले की तोच माणूस अर्ध्या मिनिटात सांगतो, 'हिच्यात लिंबू जास्त आहे.' जीभ मोजत नाही, तुलना करते. म्हणून गेल्या १३ मार्चला आम्ही घरच्या टेबलावर पाच बाटल्या मांडल्या: मोझेल, ऑस्ट्रियातलं वाखाउ, फ्रान्सचा अल्सास, ऑस्ट्रेलियातली क्लेअर व्हॅली आणि अमेरिकेतला न्यूयॉर्क राज्यातला फिंगर लेक्स हा सरोवरांचा भाग. सगळ्या तीन-चार वर्षांच्या, किमतीत फार अंतर नाही. प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळून वर आकडा लिहिला. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवल्या, कारण फार गार वाइन वास सोडत नाही. पेल्यात तळाशी दोन बोटं वाइन, आणि टेबलाच्या मध्यभागी थुंकायला एक पातेलं. पातेलं पाहून सगळ्यांनाच संकोच वाटला. पण पाच वाइन्सची तुलना करायची तर गिळून चालत नाही. तिसऱ्या पेल्यानंतर जिभेचं काही खरं नसतं.

आमच्यात पुण्याची एक मैत्रीण होती. तिने आल्याआल्याच सांगितलं, 'मला गोड वाइन चालत नाही.' असं म्हणणारे खूप भेटतात, आणि रीसलिंगचं सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने केलं आहे. एक तर जगातली कितीतरी रीसलिंग कोरडी असते, म्हणजे तिच्यात जाणवेल अशी साखर उरलेली नसते. दुसरं म्हणजे गोडी हा आकडा एकट्याने वाचायचाच नसतो.

हे समजायला वाइनही लागत नाही. मी त्या दिवशी आधी तीन पेले लिंबू सरबत केलं. तिन्हींत पाणी तेवढंच, साखर दोन-दोन चमचे. पहिल्यात पाव लिंबू, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात दीड. चाखणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं की पहिल्यात साखर सर्वांत जास्त आहे. तिसऱ्याबद्दल मैत्रीण म्हणाली, 'यात टाकायला विसरलीस का?' उन्हाळ्यात पन्हं करणाऱ्या प्रत्येक घरात हे ज्ञान हाताला असतं: कैरी जास्त आंबट निघाली की गूळ वाढवायचा, आणि नुसत्या गुळाच्या पाण्याला कुणी पन्हं म्हणत नाही. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, म्हणजे चिंचेचंच. त्याच्या जोडीला मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. रीसलिंग या दोन्हींनी भरलेली असते आणि थंड प्रदेशात ती पिकतानाही आम्ल सोडत नाही.

मोझेलच्या 'काबिनेट' प्रकारच्या हलक्या वाइनमध्ये लिटरला ४०-५० ग्रॅम साखर सहज असते. आकडा ऐकून माणूस दचकतो. पण आम्लही आठ-नऊ ग्रॅम असतं आणि अल्कोहोल जेमतेम आठ टक्क्यांच्या घरात. ही साखर वरून घातलेली नसते. पूर्वी मोझेलच्या तळघरांत हिवाळा इतका कडक असे की यीस्ट साखर पुरती खाण्याआधीच गारठून थांबे. आज तेच ठरवून करतात: वाइन थंड करून आणि गाळून आंबणं थांबवतात. म्हणजे राहिलेली गोडी द्राक्षाची स्वतःची, आणि अल्कोहोल कमी असण्याचं कारणही तेच.

आमच्या टेबलावर चौथ्या क्रमांकाचा पेला मोझेलचा होता. मैत्रिणीने पहिल्या घोटाला 'गोड' असं लिहिलं. दुसऱ्या घोटानंतर तिने ते खोडलं नाही, पण पुढे लिहिलं, 'तोंडाला पाणी सुटतं.' हे तिने अचूक पकडलं. घोट गेल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना लाळ किती सुटते, किती वेळ सुटत राहते, हे आम्ल ओळखण्याचं घरगुती माप आहे. साखर ओठांशी भेटते आणि निघून जाते, आम्ल मागे रेंगाळतं. मोझेलमध्ये हिरवं सफरचंद, पांढरं फूल, ओल्या पाटीचा तो वास, आणि एवढं सगळं असूनही पेल्यात जणू वजनच नाही. माझ्या मते जगात कुठेही आठ टक्के अल्कोहोलमध्ये इतकं काही भरता आलेलं नाही.

तिथली शेती पाहिली की ही वाइन मिळते याचंच नवल वाटतं. मोझेल जवळपास ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. द्राक्ष पिकायला तिथे प्रत्येक किरण कामाला लावावा लागतो, म्हणून बागा दक्षिणेकडे तोंड केलेल्या खड्या उतारांवर. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो. काळसर दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो, नदीचं पाणी ऊन परतवतं. वेली एकेकट्या खुंटाला बांधलेल्या, फांद्या बदामाच्या आकारात वाकवलेल्या. मी मामांना मोबाइलवर तो उतार दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, 'मांडव नाही? मग फवारणीला माणूस उभा कुठं राहतो?' उभा राहणं खरंच अवघड असतं. बरंचसं काम हातानेच होतं, आणि कित्येक उतारांवर माणसं-सामान नेणारी छोटी एकरुळी गाडी असते. वेलेनच्या उतारावर खडकाला एक मोठं सूर्यघड्याळ आहे, १८४२ मध्ये बसवलेलं. बागेत राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून ते केलं आणि पुढे त्या जागेचं नावच 'झोनेनउर', म्हणजे सूर्यघड्याळ, पडलं.

मामांचा पुढचा प्रश्न साखरेचा होता. आपण ब्रिक्स मोजतो, जर्मन लोक 'एक्स्ले' मोजतात. फोर्त्सहाइमच्या फर्डिनांड एक्स्ले यांच्या नावाचं हे माप साधं आहे: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा किती ग्रॅम जड भरतो. मोझेलच्या काबिनेटला किमान ७० एक्स्ले लागतं, म्हणजे ढोबळ मानाने १७ ब्रिक्स. 'एवढी तर आमच्याकडं खायच्या मालाला असते,' मामा म्हणाले. अगदी बरोबर. फरक आंबटाचा आहे. त्यावरच्या पायऱ्या म्हणजे उशिरा तोडलेली 'श्पेटलेझ', निवडक घडांची 'आउसलेझ', आणि सर्वांत वर 'ट्रोकनबेरनआउसलेझ'. या शेवटच्या प्रकारात बोट्रायटिस या बुरशीने सुकवलेले मणी एकेक करून वेचतात; रस किमान १५० एक्स्लेचा, मधासारखा दाट. मण्यांवर कूज दिसली की निफाडात त्या दिवशीचं जेवण कडू होतं. तिथे सकाळी धुकं आणि दुपारी ऊन अशी हवा लाभली तर हीच कूज मण्यातलं पाणी उडवून साखर आणि आम्ल दोन्ही आटवते, आणि तिला 'उदात्त कूज' म्हणतात. र्‍हाइनकाठच्या योहानिसबेर्गची कथा सांगतात की १७७५ मध्ये तोडणीची परवानगी आणणारा फुल्डाचा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षं कुजू लागली होती. तरी ती तोडली, आणि त्यातूनच उशिरा तोडण्याची रीत पडली.

वाखाउची वाइन याच्या उलट स्वभावाची. पूर्ण कोरडी, भारदस्त, सरळ. डॅन्यूब नदीच्या दरीत ग्नाइस या कठीण खडकावर दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत. दिवसा पूर्वेकडच्या मैदानांची ऊब आत शिरते, रात्री उत्तरेच्या जंगलातून थंड हवा उतरते. तिथे वजनानुसार तीन नावं आहेत: सर्वांत हलकी 'श्टाइनफेडर', मधली ११.५ ते १२.५ टक्क्यांची 'फेडरश्पील' आणि त्याहून भारी 'स्मारागड', जी बागेतल्या हिरव्या सरड्याच्या नावावरून आली. आमच्या फेडरश्पीलमध्ये सगळ्यांनाच जर्दाळू सापडला. ही दरी जर्दाळूंसाठीही प्रसिद्ध आहे, पण शेजारच्या झाडाचा वास वाइनमध्ये आला असं समजू नये. दोन्ही फळं पिकवणारं हवामान तेवढं एक आहे.

अल्सासबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या संध्याकाळी ती बाटली एकटीने बोलली नाही, जेवणाबरोबर बोलली. वोज पर्वताच्या पर्जन्यछायेत कोलमारच्या आसपास फ्रान्समधला अतिशय कमी पाऊस पडतो. द्राक्ष पुरतं पिकतं, वाइन कोरडी आणि अंगाने भरलेली होते. नुसती चाखताना ती मला जराशी अबोल वाटली.

फिंगर लेक्सच्या बाटलीवर मागे एक छोटी पट्टी होती: कोरडी, मध्यम कोरडी, मध्यम गोड, गोड, आणि एका ठिकाणी खूण. ही आंतरराष्ट्रीय रीसलिंग फाउंडेशनची पट्टी. तिच्यात साखरेला आम्लाने भागतात. उत्तर एकच्या आत असेल तर कोरडी, एक ते दोन मध्यम कोरडी, चारपर्यंत मध्यम गोड, पुढे गोड; वाइनचा पीएच पाहून एखादी पायरी वरखाली करतात. म्हणजे सरबताच्या तीन पेल्यांचंच गणित. मला वाटतं, ही पट्टी जगातल्या प्रत्येक रीसलिंगवर सक्तीची असावी. ग्राहक दुकानात बाटली हातात घेतो आणि आत काय आहे हे कळत नाही म्हणून परत ठेवतो. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल सरोवरांच्या काठी ही द्राक्षं होतात. सेनेका सरोवर १८० मीटरहून खोल आहे, त्यामुळे ते हिवाळ्यात सहसा गोठत नाही आणि काठावरच्या वेलींचा जीव वाचवतं. तरीही युरोपीय द्राक्ष इथे तगणार नाही असं सगळे धरून चालले होते. १९५१ मध्ये आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक या स्थलांतरित शास्त्रज्ञाने कणखर खुंटांवर कलमं बांधून ते खोटं ठरवलं.

आता पाचवा पेला, क्लेअर व्हॅलीचा. पहिल्यांदा आला तो कागदी लिंबाच्या सालीचा वास, नखाने खरवडल्यासारखा. मग मैत्रिणीने नाक मागे घेतलं. 'रॉकेल!' ती म्हणाली, आणि आम्ही सगळे मराठी एकदम होकारलो. वातीचा स्टो, रेशनच्या दुकानापुढची रांग, हातातला डबा. आमच्या जर्मन शेजाऱ्यांनी कागदावर 'पेट्रोल' लिहिलं होतं. जगभर तोच शब्द वापरतात, पण आमचा जास्त बरोबर आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रॉकेल कुणी मिसळलेलं नसतं. हा वास एका द्रव्याचा आहे, त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं टीडीएन. गाजराला, पपईला, हापूसला केशरी रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड या कुळातले रंग द्राक्षाच्या सालीतही असतात. मणी पिकताना ते मोडतात आणि त्यांचे तुकडे साखरेला बांधलेले राहतात. तेव्हा त्यांना वास नसतो. बाटलीत, आम्लाच्या सहवासात, वर्षानुवर्षं ते सुटत जातात आणि त्यांतून हे द्रव्य घडतं. घडांवर ऊन जितकं जास्त, हवा जितकी उष्ण, तितका कच्चा माल जास्त. म्हणून मोझेलच्या वाइनला हा वास यायला आठ-दहा वर्षं लागू शकतात, तर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात वाढलेल्या वाइनला दोन-चार वर्षंही पुरतात. नाक त्याला फार लवकर ओळखतं. लिटरला वीस मायक्रोग्रॅम असल्याशिवाय तो कळत नाही असं पूर्वी मानत. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात दोनच मायक्रोग्रॅमही माणसं ओळखतात असं दिसलं. झाकणाचाही यात हात आहे. क्लेअरच्या उत्पादकांच्या एका गटाने २००० सालच्या हंगामापासून बूच सोडून फिरकीचं झाकण लावायला सुरुवात केली, कारण खराब बुचांनी त्यांच्या नाजूक वाइन बिघडत होत्या. बूच हे द्रव्य काही प्रमाणात शोषून घेतं, धातूचं झाकण घेत नाही.

हा रॉकेलचा वास दोष की गुण, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत सांगते. कोवळ्या वाइनमध्ये फळाच्या आधी रॉकेल येत असेल तर मला ती घाईने म्हातारी झालेली वाटते. पण दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीत मध, भाजलेला पाव, सुकलेलं लिंबू आणि त्यांच्या मागे हा वास आला, तर त्यासारखी दुसरी वाइन नाही.

आता पाटीकडे येते. एबरिस्टविथ विद्यापीठाचे भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी या विषयावर बरंच लिहिलं आहे, आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे: दगड हवेत उडत नाही, म्हणून दगडाला वास नाही, आणि वेल मुळांतून काही विरघळलेले क्षार घेते, खडकाची चव घेत नाही. मग ओल्या दगडाला वास येतो तो कशाचा? त्याच्यावर बसलेल्या सेंद्रिय द्रव्यांच्या पातळ थराचा. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं, तेव्हा हेच दाखवलं होतं. वनस्पतींची तेलं कोरड्या दगडमातीवर साठतात, पाणी पडलं की हवेत उठतात. उत्तर प्रदेशात याच वासाचं मातीचं अत्तर कितीतरी आधीपासून काढलं जात होतं.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पाटीचाच विचार करत होते. तो वास दगडाचा नव्हताच. आमच्या हातांचा, त्या फडक्याचा, वर्षभर पुसलेल्या पाढ्यांचा होता, आणि पाणी लागलं की तेवढ्यापुरता उठायचा. तसाच मोझेलच्या पेल्यातला वासही डोंगरातून चढून आलेला नाही. आम्ल, आंबण्यातून आलेली काही द्रव्यं आणि चाखणाऱ्याची आठवण मिळून तो घडतो. पण दगड निरुपयोगी आहे असंही नव्हे. तो ऊब धरतो, पाण्याचा निचरा करतो, वेलीला उपाशी ठेवतो, मण्यांना सावकाश पिकवतो. तो चव देत नाही, पिकण्याचा वेग ठरवतो, आणि त्या वेगाची चव आपल्याला लागते.

हा वेगच बदलतो आहे. उणे सात अंशांना गोठलेले मणी तोडून, गोठलेलेच पिळून जर्मनीत 'आइसवाइन' करतात. २०१९ च्या पिकाला संपूर्ण जर्मनीत एकाही भागात तेवढी थंडी पडली नाही आणि त्या वर्षीची आइसवाइन कुठेच झाली नाही. ज्या उतारांवर पूर्वी द्राक्ष पिकेल की नाही याची काळजी असे, तिथे आता ते फार लवकर पिकेल याची आहे.

नाशिकच्या सुला या वाइनरीने रीसलिंग करून पाहिली आहे. मी ती चाखली आहे, फळाळ आणि किंचित गोडसर. पण आपली वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, कारण तिला झोपवणारा हिवाळाच नाही. पिकताना फेब्रुवारीचं ऊन मॅलिक आम्ल भराभर जाळतं. रीसलिंगला जे लांबलचक, थंड पिकणं लागतं ते वीस अंश अक्षांशावर मिळणं कठीण आहे, आणि त्यात कमीपणा नाही. हापूस मोझेलला होत नाही.

चाखणं संपल्यावर वर्तमानपत्रं काढली आणि जेवायला बसलो. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, तळलेला मासा. ठेच्याबरोबर भारी अल्कोहोलची वाइन घेतली तर तिखट दुप्पट भडकतं. मोझेलच्या काबिनेटने ते शांत केलं, कारण अल्कोहोल कमी आणि गोडी हाताशी. माशाबरोबर क्लेअरचं लिंबू शोभलं. आणि ती अबोल अल्सास जेवणाच्या मध्यावर एकदम खुलली. सर्वांत आधी रिकामी झालेली बाटली चार नंबरची होती. शेवटचा पेला मैत्रिणीने घेतला.

पुढची तुलना देशांची करायची नाही असं ठरवलं आहे. उत्पादक एक, वर्ष एक, प्रकार एक, फरक फक्त उताराचा: एक बाटली वेलेनच्या निळ्या पाटीवरची, दुसरी तिथून थोड्याच अंतरावरच्या उर्त्सिगच्या लाल दगडावरची. दोन्ही आणून तळघरात आडव्या ठेवल्या आहेत. मामा खरड छाटणी उरकून मे महिन्यात येणार आहेत. त्यांनी आयुष्यभर द्राक्ष पिकवलं आणि वाइनचा थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. फोनवर विचारलं तर म्हणाले, 'थुंकायचं असेल तर चाखीन. पण पिकलेलं द्राक्ष आधी दाखव.' मे महिन्यात तिथे पिकलेलं द्राक्ष नसतं, जेमतेम फुटवे आलेले असतात. त्यांना आधी उतारावर नेईन, मग बाटल्या उघडीन.